फोटोत नसलेल्या चपला

"माझ्या घराची कोणीतरी बदनामी करतंय," मावशी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या.

घराची बदनामी! दादाने हसू दाबलं. तो भिंगबाईंचा थोरला भाऊ. भिंगबाई खासगी तपासाचं काम करायच्या आणि पर्समध्ये कायम भिंग बाळगायच्या, म्हणून लोकांनी त्यांना हे नाव चिकटवलेलं. दादा त्यांची गाडी चालवायचा आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या दहा मिनिटांत चुकीचा चोर पकडायचा.

मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. आता त्यांना फोन करणारी एकच, धाकटी बहीण. ती दुसऱ्या गावात एकटी राहायची आणि तिची नजर जात चालली होती.

"परवा तिने उकळता चहा कपाऐवजी हातावर ओतून घेतला," मावशी म्हणाल्या. "तिच्या शेजारची खोली रिकामी आहे. मालक माझ्यासाठी थांबलाय, पण किती दिवस थांबेल? माझं घर विकल्याशिवाय मला ती घेता येत नाही. आणि घर विकलंच जात नाही."

"घोडं कुठे पेंड खातंय?" भिंगबाई म्हणाल्या.

"आधी मीच मोबाइलवर फोटो काढून जाहिरात टाकली. म्हटलं, चार फोटोंसाठी माणूस कशाला बोलवायचा? महिनाभर चिटपाखरू फिरकलं नाही. मग एजंटने त्याचा फोटोग्राफर पाठवला. त्याचे फोटो बघून मलाच वाटलं, काय सुंदर घर आहे, आपणच घ्यावं!" मावशी जराशा हसल्या. "लोकांची रीघ लागली. तीन कुटुंबांनी हो म्हटलं. आणि तिघांनीही दुसऱ्या दिवशी पाय मागे घेतला. शेवटच्यांनी कारण दाखवलं."

त्यांनी फोन पुढे केला. अनोळखी नंबरवरून आलेला फोटो. अंधारा, जरासा हललेला, कोपऱ्यात अंगठा. झोपायच्या खोलीच्या भिंतीवर ओलीचा मोठा काळा डाग. खाली एकच ओळ: 'खरं घर हे आहे.'

"तिघांनाही हेच?"

"हेच. आणि भिंत तर कोरडी ठणठणीत आहे हो!"

मावशींच्या घरी जाऊन पाहिलं, तर भिंत खरंच कोरडी होती. भिंगबाईंनी नखाने खरवडून पाहिली. ओल मुरली की रंगाला पोपडे धरतात. इथे एकही नव्हता.

"पाणी मारून फोटो काढलाय," त्या म्हणाल्या. "थोड्या वेळात वाळूनही गेलं. मावशी, तुम्ही घरात कधी नसता?"

"दर बुधवारी. पहाटेच्या बसने बहिणीकडे जाते, संध्याकाळी परत. एक किल्ली शेजाऱ्यांकडे आणि एक एजंटच्या ऑफिसात, खिळ्याला."

खोली लहानशीच. पलंगाखालून डोकावणाऱ्या चपला, स्टुलावर औषधाची बाटली, भिंतीशी लोखंडी कपाट. भिंगबाईंनी मावशींनी काढलेला फोटो मागितला. त्यात चपला होत्या, बाटली होती, कपाट तर आता अंगावर पडतंय इतकं कललेलं. आणि कोपऱ्यात अंगठा.

दादाने बहिणीला बाजूला ओढलं. "अंगठा! अगं, मावशींनीच काढलाय तो. जायचं जिवावर आलंय त्यांच्या."

"दादा, उचलली जीभ लावली टाळ्याला," भिंगबाई म्हणाल्या आणि अनोळखी फोटोवर भिंग धरून बराच वेळ बघत राहिल्या.

भिंगबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं. एजंट आला तो बोलतच. "लपवाछपवी मला जमत नाही. मावशी, शेजारी, फोटोग्राफर, गिऱ्हाइकं, सगळ्यांना एकाच ग्रुपवर घातलंय."

"म्हणजे गिऱ्हाइकांचे नंबर सगळ्यांकडे आहेत?"

एजंटचा चेहरा उतरला. "तसं... हो."

"आमचा दोघांचा एक फोटो काढता?" दादाला जवळ ओढत भिंगबाई म्हणाल्या.

त्याने खटकन काढला आणि पुन्हा बोलू लागला. फोटोत दादाचं अर्धंच डोकं आलं होतं, मागचा दरवाजा तिरका. "आमचा फोटोग्राफर देवमाणूस. इतर घरं तासाभरात उरकतो, इथे मात्र संध्याकाळ करतो. गिऱ्हाईक फिसकटलं की स्वतःहून म्हणतो, पुन्हा नवे फोटो काढू."

शेजारी घुश्शातच आला. मुलासाठी हे घर त्याला पडत्या भावात हवं होतं आणि मावशींनी दिलं नव्हतं. "मागितलं! मागणं काय गुन्हा आहे?" असं म्हणताना त्याच्या हातातली कपबशी खडखडत होती. त्याचा हात कायमच थरथरायचा.

"हाच," दादा कुजबुजला.

शेवटी फोटोग्राफर आला. चाळिशीचा, हळू बोलणारा. तो थेट स्वयंपाकघरात गेला, साखरेचा डबा न विचारता काढला, चहा टाकला आणि तिथूनच म्हणाला, "मावशी, दुपारचं औषध घेतलंत?"

"घरी काढलेल्या फोटोत आणि तुमच्या फोटोत फरक काय हो?" तो चहा घेऊन खोलीत आल्यावर भिंगबाईंनी विचारलं.

"कॅमेऱ्याचा नाही. लोक आपलं घर आहे तसं काढतात. मी त्यातून राहणारा माणूस काढून टाकतो. मग बघणाऱ्याला वाटतं, ही जागा आपल्यासाठीच रिकामी आहे." बोलता बोलता त्याने पडदा सारखा केला आणि पायाने चपला पलंगाखाली सरकवल्या. "दिवसभर रिकाम्या खोल्या. कोणी मध्ये आलं की मीच म्हणतो, जरा बाजूला व्हा."

"आणि तुमचं घर?"

"आहे एक खोली. तिचा फोटो कधी काढला नाही."

चहा झाल्यावर भिंगबाईंनी सगळ्यांना पलंगाभोवती बसवलं.

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," त्या म्हणाल्या. "हा फोटो मावशींनी काढल्यासारखा दिसतो. अंधार, अंगठा, सगळं त्यांच्या फोटोसारखं. पण मावशींच्या फोटोत कपाट कलतं. एजंटसाहेबांनी आत्ता काढलेल्या फोटोत दरवाजा कललाय. शेजाऱ्यांचा हात थरथरतो. आणि या फोटोत कपाट बघा. थोडं धूसर आहे, पण गवंड्याने ओळंबा लावावा तसं सरळ उभं आहे."

एजंटने मान वाकडी करून कपाटाकडे पाहिलं.

"एवढ्यावर मी कोणाला धरलं नसतं. पण मग मी चपला शोधल्या. नाहीत! औषधाची बाटलीही नाही. पडदा दोन्ही बाजूंनी सारखा. ज्याला हे घर घाणेरडं दाखवायचं होतं, त्याने भिंतीवर पाणी मारलं, आणि त्याआधी खोली आवरली! असं कोण करेल? ज्याच्या हातांना दुसरं येतच नाही तो. जित्याची खोड."

दादाची नजर पलंगाखाली गेली आणि तिथून फोटोग्राफरकडे.

"ऑफिसातली किल्ली तुम्हाला सहज मिळते," भिंगबाई त्याला म्हणाल्या. "बुधवारी मावशी नसतात. गिऱ्हाइकांचे नंबर ग्रुपवर. फक्त का, ते कळत नव्हतं. तुम्ही न विचारता साखरेचा डबा काढलात, तेव्हा कळलं. प्रत्येक गिऱ्हाईक फिसकटलं की तुम्हाला पुन्हा इथे एक दिवस मिळत होता."

फोटोग्राफरने नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं, असं दादाला वाटून गेलं.

"पहिल्या दिवशी मी म्हटलं, जरा बाजूला व्हा," तो म्हणाला. "या म्हणाल्या, आधी चहा घे, मग होते बाजूला. मला इतक्या वर्षांत कोणी बस म्हटलं नव्हतं. घर विकलं गेलं की हेही संपणार. एकदाच करायचं म्हणून केलं. मग..."

"मग तीनदा केलंस," मावशी म्हणाल्या. "तुला एकटं वाटतं, ते मला कळत नाही होय रे? पण माझी बहीण तिकडे भिंती चाचपत फिरते. मला नुसतं सांगितलं असतंस, तर मी तुला रोज बोलावलं असतं. तू माझ्या बहिणीचे दिवस चोरलेस."

एजंट पोलिसांचं काहीतरी बोलू लागला. मावशींनी हात वर करून त्याला गप्प केलं.

"पोलीस नकोत," त्या फोटोग्राफरकडे वळून म्हणाल्या. "तिघांनाही फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर. आवाज मोठा ठेव."

पहिल्यांनी दुसरं घर घेतलं होतं. दुसऱ्यांनी उचललाच नाही. तिसऱ्या बाई मात्र शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. तो फोटो खोटा होता, पाणी मी मारलं, भिंत कोरडी आहे, सकाळचं ऊन थेट पलंगापर्यंत येतं, सगळं त्याने सांगितलं. घराचं इतकं चांगलं वर्णन एजंटलाही जमलं नसतं.

"बरं, आम्ही रविवारी पुन्हा बघायला येतो," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही त्या मावशींचे कोण?"

फोटोग्राफरने मावशींकडे पाहिलं. मावशींचे डोळे भरले होते, पण त्या काही बोलल्या नाहीत.

"कोणी नाही," तो फोनवर म्हणाला.