विमानाला तीन तास

कंदील जरा इकडे सरकवा, मग सांगतो. त्या सकाळी मी उत्तमसिंगकडे फोन घ्यायला गेलो होतो. वारंगा फाट्याजवळच्या आमच्या तांड्यात तेव्हा तेवढा एकच फोन. माझी बायको निर्मला आदल्या संध्याकाळी गेली होती. ‘अग्नी माझ्या देविदासनंच द्यायचा,’ असं तिनं माझ्याकडून वदवून घेतलं होतं आणि देविदास होता मस्कतला, बांधकामावर.

“आईला ठेवा, बा. मी विमानतळावरच हाय, येऊन राहिलो.”

“किती वेळ लागंल?”

“मुंबईला विमानाला तीन तास...” आणि लाइन तुटली.

मी तांड्याला सांगितलं, तीन तास. मुंबईहून पुढे आमच्याकडे यायला बसनं अख्खी रात्र लागते, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? त्याला सोडायला मीच गेलो होतो. पण डोकं बधिर झालं होतं. रडूही येत नव्हतं. उदबत्तीचा वास नाकात बसला होता आणि मी नुसत्या माशा वारत होतो.

दुपारी तो आला. शेताच्या बाजूनं, एकटा, हातात पिशवीसुद्धा नाही.

“सामान मागून येत असतंय,” उत्तमसिंग म्हणाला. त्यानं विमान पाहिलं होतं ते डोक्यावरून जाताना. देविदास बोलेना, तर म्हणे विमानात कान बंद पडतात. मी त्याचा हात धरला, तर गारठलेला.

“वर लई थंडी राहते, गोपीचंद,” उत्तमसिंग मला म्हणाला.

मला सगळं पटत गेलं. त्याचे केस उतरवले, त्यानं अग्नी दिला. रडला नाही, पाणीही मागितलं नाही. मीही रडलो नाही. निर्मलाचा शब्द राहिला, एवढंच बरं वाटलं.

दिवेलागणीला उत्तमसिंगनं पुन्हा फोनवर बोलावलं.

“बा, आत्ता मुंबईत उतरलो. विमान लेट सुटलं. रातच्या बसनं निघतो, सकाळी पोहोचतो... आईला ठेवलं ना?”

आवाज देविदासचाच. मागून लोकांचा गलका ऐकू येत होता.

“व्हय,” मी म्हणालो. “ठेवलं.”

फोन ठेवला. उत्तमसिंगनं कोण म्हणून विचारलं, तोवर मी दाराबाहेर पडलो होतो. माझ्या निर्मलाला अग्नी कुणी दिला, हे मला कुणालाच विचारवेना. कपड्यांना धुराचा वास येत होता. पाय आपोआप घराकडे वळले.

तो ओसरीवर बसला होता. अंधारात त्याचं भादरलेलं डोकं तेवढं दिसत होतं. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो, दुसरं काय करणार? मग, दिवसभरात पहिल्यांदाच, त्यानं तोंड उघडलं. आवाज देविदासचाच.

“बा... त्याला यायला अजून किती वेळ हाय?”