नाव घातलेली सुटकेस

"शेठ, रिकामीच एवढी जड आहे, तर भरल्यावर उचलायला क्रेन आणू का?"

असं म्हणत त्या माणसाने दुकानाबाहेर मांडलेली मोठी हिरवी बॅग एका हाताने जेमतेम उचलली... आणि बॅग खुदकन हसली.

त्याने ती पटकन खाली ठेवली. झाकण आपोआप वर झालं आणि आतून माझी लेक बाहेर आली, केस विस्कटलेले, एक क्लिप दातात. मी तोवर दुकानाच्या आत, स्टूलाखाली, पडद्यामागे, सगळीकडे तिला शोधून आले होते. मी तिचा दंड घट्ट धरला.

"राही, किती वेळा सांगितलं, माझा हात सोडायचा नाही."

"मी बघत होते आई, यात आपण दोघी मावतो का."

तो माणूस हसला नाही. म्हणजे, ओठांनी हसला नाही. डोळ्यांनी पुरता हसला. उन्हाने रापलेला चेहरा, खांद्यावर ताडपत्रीची घडी, हातात दोरीचं वेटोळं. उल्हासनगरच्या बाजारात शनिवारी संध्याकाळी हजार माणसं असतात, पण मी नजर चुकवली ती याच्यापासून. मला सवयच लागली होती नजर चुकवायची. दोन वर्षांपूर्वी राहीला घेऊन आईकडे परत आले, तेव्हापासूनची.

"भाईसाब," दुकानदार त्याला म्हणाला, "मिसेस को ये नीलावाला दिखाओ. एकदम हल्का माल."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. आता हा म्हणेल, माझी मिसेस नाही. मग शेठ माझ्या गळ्याकडे बघेल, मंगळसूत्र शोधेल, सापडणार नाही...

"मॅडमच ठरवतील," तो शांतपणे म्हणाला. "उचलायची त्यांना आहे."

मी निळी घेतली. मऊ कापडाची, खाली दोन चाकं. त्याने ती करंगळीवर लटकवून दाखवली आणि म्हणाला, "ही बेस्ट. दहा वर्षं बघायला नको." पुढचं सांगायचं तर, ती पंधरा दिवसही टिकली नाही.

*

पुढच्याच गुरुवारी तो आमच्या चिखलोलीच्या सोसायटीच्या गेटपाशी उभा होता. सोसायटीने दिवेआगरच्या सहलीसाठी ज्याची गाडी ठरवली होती, तो ट्रॅव्हलरवाला म्हणजे हाच, हरिचंद्र. जांभूळ गावचा राहणारा. आठवडाभर तिथेच पाणी शुद्ध करायच्या केंद्रात नोकरी आणि सुट्टीत स्वतःची गाडी.

"माणशी एक बॅग," तो सगळ्यांना सांगत होता, "आणि आपली बॅग आपल्याला उचलता आली पाहिजे. ज्याला उचलत नाही, त्याने अर्धं सामान घरी ठेवायचं." मग त्याची नजर माझ्यावर आली. "जिवंत माणसं बॅगेत भरायची नाहीत."

राही खिदळली. तळमजल्यावरच्या मीनाताईंनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. मीनाताई वाईट नाहीत, पण त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

सहलीला जायचं मी ठरवलं ते राहीसाठी. तिने समुद्र पाहिला नव्हता. मला माणसांत जायचं नव्हतं. दोन वर्षांत मी एका बारशाला गेले नव्हते, की एका हळदीकुंकवाला. जाणार तरी कोणत्या तोंडाने? पण नंतरच्या दिवसांत तो दोनदा गेटवर आला, कधी हिशेबाचं निमित्त, कधी सीटांचं, आणि दोन्ही वेळा मी नेमकी राहीला खाली खेळायला घेऊन आले होते. नेमकी... असं मी स्वतःला सांगत होते.

"काय काय भरलंत?" त्याने विचारलं.

"थर्मामीटर. तापाचं औषध. खोकल्याचं. उलटीचं. तीन स्वेटर. चार टॉवेल. मुगाची खिचडी भाजून कोरडी नेतेय. छोटा कुकर."

"दोन रात्रींसाठी?"

"तुम्ही काय नेता?"

"एक शर्ट, एक लुंगी, दात घासायचा ब्रश."

"टॉवेल?"

तो थांबला. "तो दर वेळी राहतो."

मी हसले. किती दिवसांनी ते आठवत नाही, पण आवाज ऐकून मीच दचकले. आणि मग तो, गंमत म्हणून, अगदी सहज म्हणाला, "एवढं सामान... सहलीला चाललात की सासरी?"

माझं हसू होतं तिथेच गोठलं. त्याच्या लक्षात आलं, पण काय चुकलं ते कळलं नाही. मी राहीला घेऊन वर निघून गेले. जिन्यात माझ्या मनात एकच होतं... याला कळू नये. सोसायटीला ठाऊक आहे, ठीक आहे. पण या एका माणसाने मला आधी नुसतं भाविका म्हणून बघावं, मागचं काहीही न चिकटलेलं. एवढंच मला हवं होतं.

*

निघायच्या आदल्या संध्याकाळी निळ्या बॅगेची चेन फाटली. कुकर आत बसवताना मी गुडघा ठेवून दाबली, आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उसवत गेली.

आईने माळ्यावरून लाल सुटकेस काढली.

"आई, ती नको."

"का नको? चांगली मजबूत आहे. तुझ्या मामाने दिलेली."

मजबूतच होती. माझ्या मामाचं अंबरनाथला भांड्यांचं दुकान. लग्नातल्या प्रत्येक ताटवाटीवर, पेल्यावर मशीन फिरवून नाव घालण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. भाचीच्या लग्नात त्याला इतका उत्साह आला, की भांडी संपल्यावर त्याने सुटकेसवरही मशीन फिरवलं. लाल कडक प्लास्टिकवर, पाण्याने जायचं नाही, खरवडून निघायचं नाही, असं कोरलेलं... 'चि. सौ. कां. भाविका व चि. विनीत यांस सप्रेम भेट, मामाकडून.' खाली लग्नाची तारीख. रुखवतात सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

हीच सुटकेस घेऊन मी सासरी गेले. हीच घेऊन परत आले.

"मामाने दिलेल्या वस्तूची लाज कसली?" आई म्हणाली. पण मी ती जुन्या चादरीत गुंडाळून परकराच्या नाडीने बांधायला लागले, तेव्हा दुसरं टोक तिनेच घट्ट धरलं.

*

पहाटेची थंडी होती. बदलापूरच्या डोंगरांवर धुकं बसलं होतं आणि गेटबाहेर ट्रॅव्हलरचं इंजिन गुरगुरत होतं. हरिचंद्र टपावर कॅरियरमध्ये उभा राहून एकेकाच्या बॅगा वर ओढून घेत होता. माझं गाठोडं पाहून त्याच्या भुवया वर गेल्या.

"निळी कुठाय?"

"फाटली. बेस्ट होती ना."

"माझं चुकलं मॅडम," तो म्हणाला, आणि त्या तीन शब्दांत निळ्या बॅगेपेक्षा जास्त काहीतरी होतं. गेटवरच्या त्या बोलण्यापासून त्याने ते सांभाळून ठेवलं असावं.

त्याने नाडीला धरून सुटकेस उचलली. नाडी परकराची, तिने किती धरायचं? गाठ सुटली. चादर सरकत खाली आली आणि माझ्या पायांपाशी पडली. लाल सुटकेस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अधांतरी लटकत राहिली, गाडीच्या दिव्याच्या उजेडात, अक्षरं नेमकी आमच्याकडे.

अक्षरं दिसली की माणूस वाचतोच. मीनाताईंनी वाचलं. "चि. सौ. कां. भाविका व..." आणि पुढचं नाव त्यांनी गिळलं.

पण राही यंदाच पहिलीत गेली होती. तिला दिसेल ती पाटी वाचायची असते. "वि... नी... त," तिने बोट फिरवत पूर्ण केलं. "आई, हे पप्पांचं नाव ना?"

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मला वाटलं, जमीन नको, पण ती चादर तरी मला पोटात घेईल तर बरं. मी म्हणाले, "राहीला बरं वाटत नाहीये, आम्ही नाही येत." राही ठणठणीत उभी होती आणि माझ्याकडे डोळे फाडून बघत होती.

वर हरिचंद्रने सुटकेस आडवी ठेवली, नाव खाली करून. त्यावर ताडपत्री ओढली. खाली उतरला, चादर उचलली, झटकली, घडी घालून माझ्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"राही," तो म्हणाला, "खिडकी पाहिजे की मागची लांब सीट?"

"खिडकी," राही म्हणाली आणि चढलीसुद्धा.

मुलगी चढली म्हटल्यावर आई खाली कशी राहणार? मी चढले. खोपोलीपर्यंत मी फक्त माझ्या मांडीवरची चादर पाहिली.

*

पालीच्या अलीकडे एका आंब्याखाली गाडी थांबली. सहलीत चहा तो स्वतः करायचा, शेगडी बरोबर असायची. एक शर्ट नेणारा हा माणूस, पण चहाचा टोप मात्र वीस माणसांचा.

त्याने टोप शेगडीवर ठेवला. मग जरा विचार केल्यासारखा थांबला, आणि टोप फिरवला. नुसता अर्धा गोल. सगळे पेले घेऊन पुढे आले आणि मीनाताईंनी, त्यांचा इलाजच नव्हता, वाचलं.

"चि. हरिचंद्र व चि. सौ. कां. रविना... अय्या. रविना कोण हो? घरी असतात का?"

"नाही," तो चहा पावडर मोजत म्हणाला. "साखरपुडा झाला, भांडी आली, पत्रिका छापल्या. मग ती म्हणाली, मला नाही करायचं. बरं केलं, वेळेवर बोलली. आल्याचा तुकडा द्या तो."

"आणि भांडी?"

"आई म्हणते, जाड टोप आहे, टाकायचा कसा? तेव्हापासून ह्याच टोपातला भात खातो."

कोणीतरी हसलं. मग तोही हसला, आणि मग सगळेच. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं. सकाळपासून पहिल्यांदा.

पेले भरून झाले, माणसं पांगली. मी टोपाशी उभी राहिले.

"घासून बघितलं नाही?" मी विचारलं.

"बघितलं. राखेने, काथ्याने. नाव आणखी चमकायला लागलं."

"दर वेळी असंच ठेवता? नाव बाहेर?"

तो शेगडी बंद करण्यात गुंतला. "दर वेळी आत वळवून ठेवतो. लाज वाटते मॅडम."

चहाची वाफ माझ्या डोळ्यांत गेली. वाफच असावी.

"तुमचं लग्न झालंच नव्हतं," मी म्हणाले. मला ते बोलायलाच हवं होतं. "माझं होऊन मोडलंय. मुलगी आहे मला. दोन्ही सारखं नाही."

"नाही सारखं," तो म्हणाला. "माझ्याकडे नुसता टोप आहे. तुमच्याकडे राही आहे."

*

दिवेआगरला राहीने समुद्र पाहिला आणि संध्याकाळपर्यंत पाण्याबाहेर यायला नकार दिला. तिला ताप आला नाही. औषधं लागली ती मीनाताईंना, उलटीची. कुकर लागला सगळ्यांना. आणि ओल्या केसांनी, अंगावर शहारे आलेला हरिचंद्र आमच्या खोलीच्या दाराशी येऊन खांबाशी बोलल्यासारखा म्हणाला, "एखादा टॉवेल जास्तीचा... असेल का?"

"तीन कोरडे आहेत. निळा, पिवळा, आणि फुलांचा."

"तुम्ही द्याल तो."

मी फुलांचा दिला. तो त्याने खांद्यावर टाकून दिवसभर मिरवला. राही म्हणाली, "काका, तो माझा आहे." तो म्हणाला, "मग तूच ये घ्यायला," आणि वाळूतून दोघं धावत सुटली. मी किनाऱ्यावर बसून दोघांनाही मोजत राहिले. एक, दोन. एक, दोन. पूर्वी मी एकच मोजायची.

*

परत आलो तेव्हा ऊन कलत होतं. सगळे आपापल्या बॅगा घेऊन गेले. हरिचंद्रने शेवटी लाल सुटकेस खाली उतरवली आणि हाताने तोलून पाहिली.

"हलकी झाली."

"खिचडी संपली."

तो दोरी गुंडाळू लागला. एकदा गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "एक बोलायचं होतं... म्हणजे, आता लगेच नाही. पुढं कधी. आपण भांडी घ्यायला गेलो ना, तर दुकानदार विचारेल, नाव घालायचं का. तर... नको म्हणू."

"आपण?"

त्याने मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले होते, सुटकेससारखे. राही गेटच्या गजांतून आत बाहेर करत होती. दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत आई उभी होती. तळमजल्यावर मीनाताईंचा पडदा हलला.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. जायची वाट तयार होती, जिना समोर होता.

"मोठ्या भांड्यांवर नको," मी म्हणाले. "राहीच्या डब्यावर घालावं लागेल. शाळेत डबा हरवते ती."

त्याच्या हातातली दोरी थांबली. "फक्त राही?"

"फक्त राही."

"चालेल," तो म्हणाला. आणि मग अगदी हळू, पहिल्यांदाच, "चालेल, भाविका."

मी सुटकेसचं हँडल धरलं. चादर काखेत होती, तिची घडी मी मोडली नाही. चाकं फरशीवर खडखडत निघाली आणि मीनाताईंच्या खिडकीसमोरून जाताना नाव बाहेरच्या बाजूला होतं. मला लाज वाटत होती. जिन्यापर्यंत वाटत होती. पण मी सुटकेस वळवली नाही.