केरसुणीची काडी

प्रज्ञाच्या थोरल्या बहिणीला जुळं झालं, ते साल २०१९. देवळाली प्रवरात पेढे वाटत वाटत प्रज्ञा मागच्या आळीतल्या रंभाजीआजोबांच्या दारात आली. "जय भीम" म्हणत तिनं खोका उघडला, तोच खेळण्यातल्या मालगाडीचा इवलासा डबा टेबलावरून सुटला तो थेट पेढ्यांत!

"तो... आमचा आहे," आजोबांचा नातू प्रशांत लाजत म्हणाला.

"तिकीट काढलं होतं का त्यानं?"

प्रशांतनं ही छोटी रेल्वे आजोबांसाठी मांडली होती. आजोबा तीस वर्षं रेल्वेत सांधेवाले. गाड्या या रुळावरून त्या रुळावर घालायचे. आता गुडघे गेले, स्टेशनावर जाणं सुटलं. पण घरची फरशी मोरीकडं उतरती. इंजिन सोडवलं, की डबे खेळण्यातल्या स्टेशनात थांबायचेच नाहीत. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला, तर उलटे स्वयंपाकघराकडं निघाले. चाकांना गूळ लावला, तर डब्यांत मुंग्या बसल्या.

"गूळ?" प्रज्ञा हसून हसून खालीच बसली. "उसाच्या गावचं डोकं!"

मग तिनं कोपऱ्यातल्या केरसुणीची बारीक काडी मोडून दोन रुळांच्या मध्ये उभी रोवली. डबा आला, त्याच्या आसाला काडी घासली, आणि तो थांबला. इंजिनानं ओढलं तेव्हा काडी मुकाट वाकली, डबा गेला.

दोघांची बोटं त्या काडीपाशी राहिली... जरा जास्तच वेळ.

त्यानंतर रोज काड्या मोडू लागल्या. कशा, ते प्रशांतलाच ठाऊक. रोज प्रज्ञाला बोलावणं.

"केरसुणीचा बुडखा तेवढा राह्यला," आजोबा खाटेवरून म्हणाले. "आता झाडायचं कशानं रं?"

एका शुक्रवारी काडी रोवता रोवता प्रज्ञा म्हणाली, "रविवारी नेवाशाचे लोक येणारेत. मला बघायला."

प्रशांतच्या हातचा डबा सुटला, मोरीपर्यंत गेला.

"काही बोलायचंय?"

"ते... इंजिन जोडलं, की डबा जाणारच..."

"मी डबा आहे?"

"न्हाई! तसं न्हाई... तू... जाऊ नको ना, प्रज्ञा."

"एवढं बोलायला अख्खी केरसुणी लागली?" तिचे डोळे भरले होते, ओठ मात्र हसत होते. "पण बाबांना कोण सांगणार?"

"मी हाय की," आजोबा उठून बसले. "जल्मभर हेच केलं. नेवाशाची गाडी दुसऱ्या रुळावर घालतो."

शनिवारी सकाळी जुना रेल्वेचा कोट घालून, हातात दोन निशाणं घेऊन आजोबा प्रशांतच्या मोटारसायकलवरून प्रज्ञाच्या घरी गेले. तिचे वडील आसाराम गांगरले. मुलीकडं पाहिलं, तिनं मान खाली घातली, पण हसू लपेना.

"अहो, पण नेवाशाच्या लोकांना आता काय सांगू?"

"सांगा, लाईन मोकळी न्हाई."

डिसेंबरात लग्न झालं. पुढं रोज सकाळी आजोबा खाटेवरून हिरवं निशाण दाखवायचे, मगच नातसून इंजिन सुरू करायची. एका सकाळी निशाण वर झालं नाही. डबे स्टेशनात तसेच उभे राहिले, एकही सुटला नाही.

रंभाजीआजोबा ९ जानेवारी २०२३ रोजी वारले.