समबल प्रतिमल्ल

चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘वेदगंगा’ यानाच्या खेळखोलीत कप्तान इंदुमती मगदूम ‘द्वंद्वसंगम’ खेळत होत्या. निरनिराळ्या खेळांतले योद्धे या एकाच आखाड्यात उतरत. इंदुमतींचा लाल मातीतला मल्ल एका परग्रही राक्षसिणीला धोबीपछाड मारत होता. राक्षसिणीला यंत्र खेळवत होतं, कारण यानावर सगळी कागलकडची माणसं. वडीलधाऱ्या बाईशी कुस्ती लावायची कुणाची प्राज्ञा? म्हणून जो तो एकटाच खेळे.

“बघ गं पद्मजा,” इंदुमती यानाच्या डॉक्टरला म्हणाल्या, “निघालो तेव्हा निम्म्या कुस्त्या मारत होते, आजही निम्म्या मारते. आणि तू म्हणतेस, माझा हात मंदावलाय. यान मीच उतरवणार.”

उतरताना हात चुकला, तर सगळ्यांचीच माती होणार होती. डॉ. पद्मजा चौगुलेनं सहचालक नेमगोंडाकडे पाहिलं. तो इंदुमतींचा भाचा. या खेळाचा एकट्यानं खेळायचा भाग त्यानंच रचला होता.

“आत्या, निम्म्या सगळेच मारतात,” तो म्हणाला. “समोर समबल प्रतिमल्ल आहे. तुमचा वेग बघून तो हळूहळू आपला वेग ठरवतो. हरत राहिलं की माणूस खेळ सोडतो, जिंकत राहिलं की कंटाळतो. तालमीत उस्ताद पोराला खेळवतो, तसंच हे.”

“म्हणजे मेला माझ्याशी नूरा कुस्ती खेळतोय?”

“हो.”

“आणि तू मूग गिळून बसलास.”

“मग हाताचं कळायचं कशावरून?” पद्मजानं विचारलं.

“प्रतिमल्ल किती मंदावलाय, त्यावरून.”

त्यानं प्रतिमल्लाच्या वेगाचा आलेख पडद्यावर आणला. रेघ उताराला लागली होती.

“ठीक आहे. चालकाची खुर्ची तुझी,” इंदुमती म्हणाल्या. “पण आधी तुझी रेघ दाखव. एक स्थळ नाकारलं म्हणून दुसरं न बघता पोरगी देत नाहीत.”

नेमगोंडाची रेघ त्यांच्याहून खाली होती.

पद्मजानं सगळ्यांच्या रेघा मागवल्या. साऱ्या एकाच आठवड्यात वाकल्या होत्या.

“म्हातारपण सगळ्यांना एकदम येत नाही,” ती सावकाश म्हणाली. “आपल्यात सारखं काय आहे? हवा.”

“हवामापक तर ठीक दाखवतोय,” नेमगोंडा म्हणाला.

“तो बसवलाय कुठं?”

“गाळणीच्या तोंडाशी.” बोलता बोलता तोच थांबला. गाळून बाहेर पडणारी हवा तिथं शुद्धच असणार. त्यानं अवकाश-पोशाखातला मापक काढून झोपायच्या खोलीत धरला. माणसाला मंदावणारा कर्बवायू कितीतरी जास्त होता. तिथला हवा खेळती ठेवणारा पंखा बंद पडला होता.

पंखा दुरुस्त झाला. उतरणं पुढं ढकलून सगळे प्राणवायूचे मुखवटे लावून बसले. दुसऱ्या दिवशी इंदुमती पुन्हा खेळायला बसल्या. पहिली कुस्ती मारली, दुसरी, तिसरी. मग एकही हरेनात.

“हा बिघडला की काय रे?”

“नाही, आत्या. तो अजून कालच्या तुमच्याशीच लढतोय.”

इंदुमतींनी नियंत्रक खाली ठेवला आणि त्या उठल्या.

“मग त्याला सावकाश येऊ दे. चल, तोवर यान उतरवू.”