पहिलं विरजण

मंगळावरच्या वसाहतीत दह्याचा दुष्काळ पडला, आणि त्याला कारण झाला स्वच्छतेचा अतिरेक. सफाईच्या यंत्रमानवाला सगळे लाडानं चकचक्या म्हणत. त्या शहाण्याला दह्यात जंतू सापडले. त्यानं घरोघरचं दही ओतून दिलं आणि वर भांडी उकळून काढली.

शाल्मलीला मात्र यात हसण्यासारखं काही वाटेना. तिचे आजोबा, आप्पा, पोटाच्या आजारानं अंथरुणाला खिळले होते. दूध उलटून पडायचं, भाजी सोसायची नाही, दहीभात तेवढा पोटात ठरायचा. आता तोही बंद झाला. पृथ्वीवरून यान यायला अजून वर्ष होतं आणि आप्पा रोज खंगत होते.

दुधाची पूड घरात भरपूर होती, पण विरजण आणायचं कुठून? एरवी ती आप्पांना प्रश्नांनी भंडावून सोडायची. हल्ली ते दमतात म्हणून गप्प बसायची. आज तिला राहवेना.

"आप्पा, दही लावायला विरजण लागतं, आणि विरजण म्हणजे दहीच. मग सगळ्यात पहिलं दही कुणी लावलं?"

आप्पांनी डोळे उघडले. सूक्ष्मजीवांच्या अभ्यासात जन्म घालवलेला माणूस तो.

"कुणीच नाही," ते म्हणाले. "ते आपलं आपण लागलं."

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. दही लावतात ते जीवाणू (एकाच पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव). ते दुधातली साखर खातात आणि आम्ल (आंबट चवीचा पदार्थ) तयार करतात. आम्लामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात आणि दूध घट्ट होतं. असे जीवाणू पानांवर, देठांवर राहतात. कधीतरी कुणाच्या उघड्या दुधात ते पडले असतील, आणि आंबलेलं दूध त्या माणसानं फेकून न देता चाखून पाहिलं असेल. मिरचीच्या देठांवरही ते असतात, एवढं पुटपुटता पुटपुटता आप्पांचा डोळा लागला.

शाल्मली काचघराकडे धावली. मिरचीचं बियाणं पृथ्वीवरचं, लावणारे हात माणसांचे. त्यांच्याबरोबर जीवाणूही आलेच असणार. पण चकचक्या तिच्या आधीच पोचला होता. टोमॅटोवर जंतुनाशक मारून तो मिरचीकडे वळत होता. ती धावत जाऊन मधे उभी राहिली.

"बाजूला व्हा. इथे जीवाणू आहेत," चकचक्या म्हणाला.

"म्हणूनच आलेय मी."

माणसाच्या अंगावर फवारायची त्याला परवानगी नव्हती. तो खोळंबून राहिला आणि ती भराभर मिरच्या देठांसकट खुडत गेली.

कोमट दुधात देठ बुडवून तिनं भांडं चकचक्याच्या नजरेआड उबेला ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यात नुसतं तार सुटलेलं, पातळ काहीतरी होतं. तिला रडूच आलं. आप्पांनी ते कुणाला चाखू दिलं नाही, कारण देठांवर नको ते जीवाणूही असतात. त्यांनी त्यातलं चमचाभर ताज्या दुधात घालायला लावलं, मग त्यातलं पुन्हा ताज्या दुधात. आम्ल वाढत गेलं की त्यात तगणारेच बहुतेक मागे उरतात. तोवर आप्पा पेजेवर होते, आणि त्यांचं बोलणं ऐकायला तिला खाली वाकावं लागत होतं.

शेवटी तिनं भीत भीत भांडं कलतं केलं. आतलं हललं नाही. डॉक्टरीणबाईंनी ते प्रयोगशाळेत तपासलं, होकार दिला, तेव्हा कुठे आईनं दहीभात कालवला.

आप्पांनी एक घास खाल्ला. सगळे त्यांच्याकडे पाहत बसले. घास पोटात ठरला. मग त्यांनी वाटी संपवली आणि आणखी भात मागितला.

शाल्मलीच्या जिवात जीव आला. तिनं हळूच विचारलं, "आप्पा, ते देठावरचे जीवाणू कुठून आले?"

"त्यांच्या आधीच्या जीवाणूंपासून."

"आणि सगळ्यात पहिला?"

"ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही," आप्पा म्हणाले, आणि उशीला टेकून बसत त्यांनी तिला जवळ ओढलं. "विचार आणखी. आज मी दमणार नाही."