अंबाडीचा दाणा

खामगावहून जळगाव जामोदला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारी बसलेला मुलगा मोबाइलमध्ये बघून हसत होता, आणि मला त्या दिवशी हसणाऱ्या माणसांचा रागच येत होता. बाहेर एप्रिलचं ऊन, खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली, पत्र्याला हात लागला की चटका. अशा उन्हात कुणाला हसू येतंच कसं?

नांदुरा मागे पडलं आणि तो पुन्हा खुदकन हसला. मी मुद्दाम मान वळवून बघितलं... आणि बघतच राहिले. त्याच्या मोबाइलवर माझी गोष्ट होती!

'तेरावी टाकी'. वाचनाच्या एका ॲपवर मी 'तृषा' या नावानं ती लिहिते, दर शुक्रवारी एक भाग. जग बुडाल्यानंतरच्या वऱ्हाडाची गोष्ट. पाऊस कायमचा गेलाय, पाण्याच्या बारा टाक्या उरल्यात आणि दरवर्षी प्रत्येक टाकीवरची दोन तरुण मुलं एका मैदानात सोडली जातात. जो जगेल त्याच्या टाकीला वर्षभर पाणी. थरारक आहे हो! निदान मला तरी तसं वाटायचं.

"इतकं विनोदी आहे का?" मी विचारलं.

"विनोदी नाई, लय गंभीर आहे. म्हनून तं हसू येते," तो म्हणाला. सावळा, किरकोळ अंगाचा, आणि हसला की डोळे बारीक होणारा. "पाहा ना. हे पोट्टी संग्रामपूरच्या माळावर पळून राह्यली. सूर्य कोपला, झाडं जळाली, चिमन्या मेल्या. आनं हिनं घातलं काय? चामड्याचा लांब कोट! गुडघ्यापर्यंत बूट!"

"भविष्यकाळ आहे तो. भविष्यात घालत असतील कोट."

"भविष्यात घाम येत नसन काय?"

खरं सांगायचं तर कोटाचा मी विचारच केला नव्हता. असल्या सगळ्या सिनेमांतल्या मुली कोट घालूनच पळतात.

"आनं हिच्या पिशवीत डबाबंद राजमा," त्याला आता चांगलाच चेव आला होता. "अवो, आपल्याकडं जग बुडालं तं घराघरात काय सापडन? कुरड्या, पापड, कैरीचं लोनचं! आनं बोलतात कसे हे लोकं, पुन्याहून बदली होऊन आल्यासारखे."

"मग वाचता कशाला?" माझा आवाज चढला.

तो हसायचा थांबला. बोटानं पडदा वर सरकवत त्यानं मागचा एक भाग काढला. "याच्यासाठी. तहान लागली की हे पोट्टी रडत नाई. चिडते. सगळ्याइशी भांडते. टँकर आला नाई की माही माय अशीच करे. हे काही कुठून उचललेलं नाई. लिहनारीनं पाह्यलं आहे हे."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. आमच्या बुलढाण्याच्या घरात नळाला पाणी येईनासं झालं की आई भांडी आपटायची, ते मी खरंच बघितलं होतं. तेवढं एक कुणीतरी ओळखलं होतं, आणि मला उगाचच भरून आलं.

"पन पुढच्या भागात लिहनारी या पोट्टीच्या आजीले मारनार," तो म्हणाला. "अशा गोष्टीत आजी मरतेच."

"मुळीच मारणार नाही!"

"तुमाले कसं माहीत?"

मी ओठ चावला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मोबाइलकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले.

"तुमी... तृषा?"

"शरयू. तृषा फक्त शुक्रवारी."

"अरे बाप्पा," तो पुटपुटला. मग एकदम ताठ बसला. "तुमीच मले ब्लॉक केलं! मी खारपाणी!"

खारपाणी! प्रत्येक भागाखाली एकच वाक्य लिहिणारा आगाऊ वाचक... 'हे मी कुठंतरी वाचलं आहे.' सलग कितीतरी शुक्रवार माझी झोप उडवल्यावर मी त्याला हाकललं होतं.

"मग आता कसं वाचताय?"

"बहिनीच्या खात्यावरून."

"बहिणीचं नाव काय?"

त्यानं मोबाइल खिशात सरकवला. "...काजल."

काजल माझी सर्वात लाडकी वाचक होती. दर शुक्रवारी, भाग पडल्या पडल्या लाल बदाम पाठवणारी.

"म्हणजे तो बदाम...?"

"खातं तिचं आहे," तो समोरच्या सीटकडं बघत म्हणाला. "बोट माहं असते."

त्याचं नाव आल्हाद. गाव सोनाळा, जळगाव जामोदच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. उतरताना त्यानं माझी बॅग खाली काढून दिली आणि म्हणाला, "परवा पहाटे भेंडवळले या. घटमांडणी पाहाले. जग बुडाल्यावर काय होते त्याच्या गोष्टी आपल्याकडं दरवर्षी वावरात मांडतात. तुमी कायले दूर जाता?"

मी जळगाव जामोदला वच्छलामावशीकडं लिहायला आले होते, तीही जीव मुठीत धरून. पुण्याच्या एका प्रकाशनाच्या संपादक निशिगंधा मॅडमनी 'तेरावी टाकी' वाचली होती. पुस्तक काढायची त्यांची तयारी होती, पण फोनवर त्या म्हणाल्या, "शरयू, तुमची भाषा छान आहे. फक्त ही गोष्ट मी याआधी पाच वेळा वाचलीये, पाच वेगळ्या नावांनी. महिनाअखेरीपर्यंत मला असं काहीतरी द्या जे फक्त तुमचं आहे. नाहीतर ही जागा दुसऱ्या कुणाला जाईल."

फक्त माझं! मी आठवडाभर डोकं खाजवत होते. जे सुचायचं ते कुणाचं तरी निघायचं. पुस्तक व्हावं ही माझी शाळेपासूनची एकच इच्छा, आणि ती हातातोंडाशी येऊन निसटत होती.

मावशीला भेंडवळचं सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "कोनाच्या संगं?"

"आहेत एक. प्राध्यापक."

"प्राध्यापक आहेत तं मीबी येतो," म्हणाली, आणि पहाटे माझ्याआधी तयार होऊन दारात उभी राहिली.

भेंडवळच्या त्या शेतात आदल्या संध्याकाळी, अक्षय तृतीयेला, धान्याचं मोठं रिंगण मांडतात. गहू, तूर, अंबाडी, करडई, सरकी, एकेक धान्य आपापल्या जागी. मधे खड्डा, त्यात मातीची ढेकळं, वर पाण्यानं भरलेली घागर, तिच्यावर पुरी, पापड, कुरडई. रात्रभर तिथं कुणी पाऊल टाकत नाही. पहाटे येऊन बघायचं... कुठला दाणा जागेवर आहे, कुठला आत गेला, कुठला बाहेर पडला. त्यावरून वर्ष कसं जाणार ते सांगायचं.

गर्दी हीऽ होती. मावशी धक्के देत थेट पुढं गेली. आम्ही दोघं मागे, एका बैलगाडीच्या चाकावर पाय ठेवून टाचा उंच करून बघत होतो. उजाडत होतं. वारा अजून गार होता आणि त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून बोटभर लांब होता. मला रिंगणापेक्षा त्या बोटभर जागेचंच भान जास्त होतं.

"अंबाडी सरकली," पुढून कुणीतरी ओरडलं.

"मले लहानपनापासून एक गोष्ट सुचते," आल्हाद हळूच म्हणाला. "हसू नका पन."

"तुम्ही हसला होता. मी हसणारच."

"पाऊस गेला आहे. गावात पानी थोडं, मानसं जास्त. दरवर्षी असंच रिंगन. पन धान्य पिकाचं नाई, मानसाचं. प्रत्येकाचा एक दाना. पहाटे ज्याचा दाना रिंगनाच्या भायेर, त्यानं गाव सोडून जायचं. परत यायचं नाई."

मी हसले नाही.

"रात्री राखन करनारा एक पोट्टा आहे. त्याचं काम एवढंच, की वावरात कोनी शिरू नये. आनं तो स्वतःच शिरते. एका पोट्टीचा दाना दरवर्षी वाऱ्यानं भायेर जाते... अंबाडीचा. तो दरवर्षी उचलून आत ठेवते. तिले माहीतच नाई."

रिंगणाकडं बघायचं सोडून मी त्याच्याकडं वळले. "कुठं वाचलंत हे?"

"कुठंच नाई."

"मग लिहिलं का नाहीत?"

"शेवट सुचत नाई. तिले सांगावं की नाई, तेच त्याले समजत नाई." तो रिंगणाकडं बघत राहिला, मग एकदम म्हणाला, "तुमी घ्या ना. देल्लं तुमाले."

"असं कसं घेऊ?"

"मी काही लिहनारा नाई. पडून राह्यलं आहे माह्यापाशी. घ्या."

घरी आल्यावर मी मॅडमना फोन केला. नुसतं सांगून बघू म्हटलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हेच. हेच हवं होतं मला. लगेच लिहायला बसा."

"पण मॅडम, ही कल्पना माझी नाहीये. एका... ओळखीच्यांची आहे."

"त्यांनी एक ओळ तरी लिहिलीये का? नाही ना? कल्पना कुणाच्या बापाची नसते. तुमच्या नावानं पाठवा."

किती सोपं होतं! त्यानं देऊन टाकलेलं, मॅडमनी पास केलेलं. कोट फेकून दिला, मैदान पुसून टाकलं आणि मी लिहायला बसले. गावातल्या माणसांना आमची बोली दिली तर ती धडाधड बोलायलाच लागली, आजीनं तर कुणाला बोलूच दिलं नाही. मावशी मधे मधे आमरस आणून ठेवायची, "प्राध्यापकानं काय जादू केली बाप्पा," असं पुटपुटत जायची. आणि लिहिता लिहिता मला शेवट दिसला. असा दिसला की मी मोबाइल बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती रडले.

मॅडमना पाठवायचं बटण मात्र दाबवेना. वर नाव लिहायची जागा होती, तिथं एकटं 'शरयू' बघितलं की मी मोबाइल पालथा ठेवून द्यायचे. त्यानं दिलं होतं, मान्य. पण आपण मागितलं नसताना कुणी आपली सर्वात जपलेली गोष्ट देतं, तेव्हा ती तशीच खिशात टाकून निघून जायचं का?

महिन्याच्या शेवटच्या दिवशी रविवार होता. आल्हादला कळवून मी सोनाळ्याची बस पकडली.

तो स्टँडवर घ्यायला आला होता. समोरच्या रसवंतीत बसलो. चरकाचे घुंगरू वाजत होते, रसाला लिंबू-आल्याचा वास. मी मोबाइल त्याच्या हातात दिला. तो वाचत होता आणि मी त्याचा चेहरा. माझ्या पेल्यातला बर्फ कधीच विरघळला, मी घोटभरही प्यायले नव्हते.

शेवटाशी आल्यावर तो थांबला. माझ्या शेवटात गावकरी राखणदाराला पकडतात. त्याला विचारतात, तिचा दाणा आत ठेवलास हे कळलं, पण तुझा स्वतःचा करडईचा दाणा इतकी वर्षं कसा काय बाहेर गेला नाही? तो म्हणतो, मला माहीत नाही. तेव्हा ती मुलगी गर्दीतून पुढं येते. राखण संपवून तो घरी गेला की, उजाडायच्या आधी, दरवर्षी ती येत होती. त्याचा दाणा आत ठेवायला.

आल्हादनं मोबाइल टेबलावर ठेवला. डोळे पुसले, लपवलेही नाहीत.

"हे माहं नाई," तो म्हणाला. "मले तं फक्त पोट्टा सुचला होता. हे पोट्टी तुमची आहे."

"म्हणून पुस्तकावर दोन नावं जाणार. तुमचं आणि माझं. नाहीतर मी पाठवणार नाही."

"आनं मॅडम नाई म्हनल्या तं?"

"तर नाही."

"येड्या झाल्या काय! शाळेपासून वाट पाह्यली तुमी, आनं—"

"आल्हाद, एकटीचं नाव घालून पुस्तक आलं, तर ते मी कुणाला दाखवू? ज्याला पहिल्यांदा दाखवायचंय त्याच्याचकडून घेतलेलं असेल ते."

मी त्याच्यासमोरच नाव लिहायच्या जागेत त्याचं नाव भरलं, आणि बटण दाबलं. घुंगरू थांबले होते, रसवाला आमच्याकडंच बघत होता.

आल्हाद पडद्यावरच्या त्या दोन नावांकडं वाकून बघत होता. "शेजारी शेजारी..." तो म्हणाला. "पत्रिकेवर असतात तशी दिसून राह्यली. लोकं इचारतीन, हा कोन म्हनून. काय सांगू मी?"

"तुम्हीच सांगा. तो मुलगा दरवर्षी तिचा दाणा का उचलतो, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाहीये."

"दर शुक्रवारी बोट बदामावर काऊन जाते," तो अगदी हळू म्हणाला, "त्याचं जे उत्तर, तेच."

त्याचे कान बसमधल्यासारखे लाल झाले होते. माझं हृदय चरकात सापडल्यासारखं झालं. इतकी पानं लिहिणारी मी, या घडीला नवं, कुणाचंच नसलेलं एकही वाक्य मला सापडेना. मग जे सगळ्यांचं आहे तेच मी म्हटलं.

"मला तुम्ही खूप आवडता."

तो माझ्याकडं बघत राहिला. डोळे बारीक होत गेले.

"हे मी कुठंतरी वाचलं आहे," तो म्हणाला. "लय ठिकानी वाचलं आहे, शरयू. पन मले कोनी म्हनलं नव्हतं."