ब्रेकमधली हवा

हॉर्न वाजायला लागला तेव्हा दुसऱ्या मजल्यावर एक रिटायर्ड साहेब एका पायावर उभे होते.

हौसेनं नव्हे. फिजिओनं उभं केलं होतं. "भिंतीला हात लावायचा नाही, साहेब. श्वास चालू ठेवा… छान…" असं ती म्हणतेय तोवर खालून भोंगा सुरू झाला. एखाद्या म्हशीच्या शेपटीवर ट्रक उभा करून ड्रायव्हर चहा प्यायला जावा, तसा. थांबायचं नावच नाही. साहेब डगमगले, त्यांनी फिजिओचा खांदा धरला, फिजिओनं कपाट धरलं, आणि कपाटावरचे व्यायामाचे रबरी चेंडू टुणटुण उड्या मारत दारातून जिन्याकडे निघाले.

चेंडूंच्या मागोमाग फिजिओ निघाली. लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' ही पाटी लटकत होतीच, तिच्याकडे रोजच्यासारखं एकदा डोळे वटारून ती तरातरा जिना उतरली.

तळमजल्याच्या गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. आत एक जुनी बाटलीहिरवी गाडी. गोल दिवे, फुगलेले गाल, चाकं काढून लोखंडी घोड्यांवर चढवलेली. बॉनेट उघडं आणि बॉनेटमधून बाहेर आलेले दोन पाय.

"अहो!" फिजिओ ओरडली. "बंद करा ते!"

"तुमच्यासमोर वायर आहे," पाय म्हणाले. "लाल. ओढा."

तिनं ओढली. हॉर्न आणखी वरच्या पट्टीत गेला.

"दुसरी लाल."

तिनं दुसरी ओढली. एकदम अशी शांतता पसरली, की शेवटचा चेंडू जिन्यावरून उतरल्याचं नीट ऐकू आलं. मग पायांच्या मागोमाग एक माणूस बाहेर आला. कानापर्यंत काळं, नाकावर चष्मा, आणि त्या सगळ्यात एक अगदी स्वच्छ हसू.

"थँक यू. आतून हात पोचत नव्हता."

"माझा पेशंट पडता पडता वाचलाय."

"कुठल्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"तिथपर्यंत ऐकू आला? मग हॉर्न चांगला आहे म्हणायचा."

आता संतापाचेही प्रकार असतात. काही संताप जिना चढेपर्यंत निवतात. हा निवणाऱ्यातला नव्हता. "तुम्ही पोटापाण्यासाठी पण हेच करता का? लोकांना पाडण्याचं?"

"नाही, चढवण्याचं," तो म्हणाला. "लिफ्ट दुरुस्त करतो."

फिजिओनं सावकाश मान वळवून जिन्याशेजारच्या त्या पाटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग परत पाटीकडे.

"ती दुसऱ्या कंपनीची आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "मी हात लावला तर माझी नोकरी जाईल."

"माझे पेशंट गुडघे घेऊन दोन मजले चढतात."

"गुडघे… न घेता चढणार कसे?"

ती चेंडू गोळा करून वर गेली तेव्हा कान लाल झाले होते. रागानंच. निदान त्या दिवशी तरी रागानंच.

*

गाडी होती आत्याची. म्हणजे लिफ्टवाल्याची सख्खी आत्या; पण बिल्डिंगमधली झाडून सगळी तिला आत्याच म्हणायची. आत्यानं उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात घालवली, आणि ती याच गाडीवर. शेजारच्या सीटसमोर एक जादा ब्रेक होता, आत्याच्या पायासाठी. त्या ब्रेकनं अर्ध्या गावाचा जीव वाचवला होता. मग डावा गुडघा रुसला, क्लच दाबला जाईना. गाडी गॅरेजात बसली आणि आत्या खिडकीत.

गुडघा फिजिओच्या ताब्यात आला, आणि गाडी भाच्याच्या. भाचा त्यासाठीच आत्याकडे राहायला आला होता. बाहेरून गाडी होती तश्शी ठेवायची, आतून नवी करायची, हा त्याचा बेत. नवी वायरिंग, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, आणि एका मोठ्या खोक्यात आणून ठेवलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

ते खोकं फिजिओला दिसलं आणि दुसरा भडका उडाला.

"मी वर त्यांना क्लच दाबायला शिकवतेय, आणि तुम्ही खाली क्लचच काढून टाकताय?"

"तिला त्रास नको म्हणून."

"त्रास नको म्हणून उद्या पायच काढा."

"डॉक्टर, तुम्ही फार चिडता."

"मी डॉक्टर नाही. आणि मी चिडत नाही, मी सांगतेय."

आत्या दारात काठी टेकून उभी होती. ती म्हणाली, "गिअर जर आपोआप पडणार असतील तर मी आत बसून काय टाळ्या वाजवू?"

शेवटी आत्यानंच तह केला. इंजिन, वायरिंग, ब्रेक सगळं होईपर्यंत खोकं उघडायचं नाही. तोवर गुडघ्यानं क्लच दाबला तर खोकं परत जाईल. नाही दाबला तर आत्या मुकाट्यानं टाळ्या वाजवेल.

"मुकाट्यानं वाजत नाहीत त्या," फिजिओ पुटपुटली आणि त्याच दिवसापासून आत्याचा व्यायाम वाढवला.

*

मग ब्रेक आले.

ब्रेकच्या नळीत हवा राहिली की पेडल मऊ लागतं, भिजलेल्या गादीवर पाय ठेवावा तसं. ती हवा काढायची तर एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून बारीक नट ढिला करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येतात. नट आवळायचा, मग पेडल सोडायचं. परत पहिल्यापासून.

"दोन माणसं लागतात याला," लिफ्टवाला म्हणाला. "आत्याचा पाय तर तुमच्या ताब्यात… तुम्ही याल का? रविवारी?"

"माझा सुट्टीचा दिवस आहे."

"म्हणूनच."

पेशंटसाठी म्हणून ती गेली. सगळं आत्याच्या गुडघ्यासाठीच होतं.

"दाबा," चाकाच्या जागेवरून आवाज आला. "धरा… धरा… सोडा."

फिजिओनं पेडल दाबलं. हेच तीन शब्द ती दिवसभर लोकांना ऐकवायची, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून. तिला कुणी ऐकवायची ही पहिलीच वेळ. आणि हा माणूस 'धरा' असं काही हळू म्हणायचा, की सोडायचं लक्षातच राहायचं नाही.

"सोडा म्हणालो."

"सोडलं की."

"नाही सोडलंत."

बाजूच्या आरशात तिला त्याचा नुसता एक कान दिसत होता. काळपट, जरा उभाच. पुढच्या रविवारी पेडल परत मऊ लागलं, कान होताच, शिवाय गाल. त्याच्या पुढच्या रविवारी चष्मा पण आला. त्याच्या पुढच्या रविवारी चष्म्यातून तो सरळ तिच्याकडेच बघत होता.

"आरसा कोण फिरवतं हो हा?"

"हादऱ्यानं फिरत असेल."

"इंजिन बंद आहे."

"मग वाऱ्यानं."

"शटर पण बंद आहे."

"…दाबा," तो म्हणाला.

तिनं दाबलं. हसू दाबलं की पेडल, ते आरशाला माहीत. खिळ्याला लटकवलेल्या एका बाटलीकडे बघत, उगाच काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं, "ती कसली हो बाटली? नळीवाली?"

"ती होय… तेल ओतायची."

"आणि ही हवा कधी जाणार?"

"जुनी गाडी आहे ना. हळूहळू जाईल."

आठवड्यातून मधेच ती आत्याचा गुडघा तपासायला खाली यायला लागली. गॅरेजातच. प्रत्यक्ष पेडलवर पाय बघावा लागतो, असं तिनं आत्याला समजावलं होतं. आत्यानं मान डोलावली होती. आत्याची मान डोलली की जुने विद्यार्थी घाबरायचे, पण हे फिजिओला कुठून माहीत असणार?

*

एका रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावर फिजिओच्या घरची बेल वाजली. दारात आत्या, आणि चेहरा असा, की तिनं तो जादा ब्रेक कचकन दाबलाय.

"माझी गाडी कधी मिळणार?"

"आत्या, ब्रेकमध्ये अजून हवा—"

"हवा त्याच्या डोक्यात आहे. कॉलेजात असल्यापासून तो एकटा ब्रेकची हवा काढतो. खिळ्याला नळीची बाटली आहे ना, ती त्याचसाठी. नळीत एक झडप आहे, गेलेली हवा परत येत नाही. दुसरा माणूस लागतच नाही."

फिजिओ उभीच राहिली. "ती तेल ओतायची आहे म्हणाला."

"म्हणेल तो."

सगळे रविवार तिच्या डोळ्यांसमोरून गेले. सुट्टीचे, झोपायचे, केस धुवायचे रविवार. ते सगळे तिनं मऊ पेडलवर पाय ठेवून घालवले होते. का, तर दोन माणसं लागतात म्हणून. मनात काय काय मांडून ठेवलं होतं तिनं, आणि या माणसानं पहिल्या दिवसापासून तिला बनवलं? मग आरशातलं ते बघणं तरी खरं कशावरून?

हातात टॉवेल होता तो तसाच घेऊन ती जिना उतरली. मागोमाग आत्या.

लिफ्टवाला चाकाच्या जागेपाशी बसला होता. तिनं खिळ्यावरची बाटली काढून त्याच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

त्यानं बाटलीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि खोटं बोलायची तयारी मोडीत काढली. "पहिल्या रविवारी खरंच हवा होती."

"आणि नंतर?"

"नंतर… मीच सोडायचो. शनिवारी संध्याकाळी."

"ब्रेकमध्ये? आत्यांच्या?"

"गाडीला चाकं नाहीत हो. ती कुठे जाणार होती?"

"गाडी नसेल जाणार. माझे रविवार जात होते," ती म्हणाली, आणि आवाज जरा चिरला तेव्हा तिला स्वतःचाच आणखी राग आला. "बसा तिथेच. आज शेवटचं. खरं."

ती आत चढून बसली. त्यानं नट ढिला केला, नळी लावायला हात पुढे केला, आणि…

"थांबा, अजून दाबू न—"

सगळ्या रविवारांचा राग एका पायात आला. तेलाची धार सरळ त्याच्या तोंडावर.

फिजिओ उडी मारून खाली. राग कुठे गेला कोण जाणे, ती टॉवेल पाण्यात बुडवून त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली होती. चष्मा काढला, कपाळ पुसलं, गाल पुसले, तो एक कान पुसला. पुसल्यावर तो चांगला गोरा निघाला.

"डोळ्यात गेलं?"

"नाही. चष्म्यावर गेलं."

"मग डोळे का मिटलेत?"

"तुम्ही पुसताय म्हणून."

तिचा हात थांबला. काढून घ्यावा हे तिला सुचलं नाही.

"रविवारी नुसत्या या म्हणालो असतो," तो डोळे मिटूनच म्हणाला, "तर आला असतात?"

"नाही."

"मग?"

"मग पुढच्या रविवारी परत विचारायचं. माणसं तसंच करतात. ब्रेकमध्ये हवा सोडत नाहीत."

"तुम्ही रागावलात की मला नीट विचारता येत नाही. आणि तुम्ही… कायमच रागावलेल्या असता." त्यानं डोळे उघडले. "बाटलीनं हवा जाते. पण ती 'सोडलं की' असं खोटं बोलत नाही. मला तेच ऐकायचं असायचं."

"झालं?" आत्या गरजली. "आता हिचं."

"माझं काय?" फिजिओ म्हणाली.

"माझा गुडघा कधीपासून बरा आहे?"

"अजून जराशी ताकद…"

"दोन मजले चढून आत्ता तुझ्या दारात आले. तुझ्याबरोबर उतरले. काठी बघ कुठे आहे. घरी आहे. कठड्याला बोट लावलं नाही मी. आणि तू म्हणे पेडलवर पाय तपासायला खाली येतेस. पाय माझा, आणि बघतेस आरशात."

फिजिओनं ओला टॉवेल स्वतःच्याच तोंडाला लावला. त्यावर ब्रेकचं तेल होतं, हे नंतर कळलं.

"एक जण माझी गाडी बरी होऊ देत नाही," आत्या म्हणाली, "दुसरी माझा गुडघा बरा होऊ देत नाही. तुमचं जमतंय ना, जमू दे. पण मी किती दिवस खिडकीत बसू?"

फिजिओ परत आत चढून बसली, लिफ्टवाल्यानं नट धरला.

मग मात्र हवा अशी गेली, की पेडल दगडासारखं घट्ट लागलं. चाकं चढली. गाडी घोड्यांवरून जमिनीवर आली. आत्या आत बसली, क्लच तळापर्यंत दाबला, धरला, आणि फिजिओकडे बघत राहिली.

"सोडा, आत्या. कळलं."

"आत्या, थांब, मी शेजारी बसतो," लिफ्टवाला धावला. "ब्रेक नवे आहेत, शेजारच्या पेडलवर पाय तरी—"

"ते पेडल शिकणाऱ्यांसाठी असतं," आत्या म्हणाली, आणि काच वर केली.

बाटलीहिरवी गाडी गॅरेजातून निघाली. गेटापाशी आत्यानं मुद्दाम कचकन ब्रेक लावला. गाडी जागच्या जागी. मागचे नवे दिवे लालबुंद पेटले. मग तिनं खुशीत एकदाच हॉर्न दाबला आणि पहिला गिअर टाकला.

हॉर्न अडकला.

दुसऱ्या मजल्यावर आज कुणी एका पायावर उभं नव्हतं, हे एक बरं. भोंगा वाजवत गाडी कोपऱ्यावरून वळली. रिकाम्या गॅरेजात खोकं उरलं, तेलाचा वास उरला आणि दोन माणसं उरली.

"लाल वायर…" तो म्हणाला.

"दुसरी लाल," ती म्हणाली, आणि हसली.

नळीची बाटली तिनं उचलून हातात घेतली. तो ती खिळ्याला परत लावायला गेला, तर तिनं मागे लपवली.

"ही मी नेणार."

"आणि ब्रेकचं काम निघालं तर?"

"बोलाव की मला."

ते 'बोलाव' ऐकून तो जरा गडबडला. मग हळूच म्हणाला, "आणि नाही निघालं तर?"

"तरी बोलाव. नाही म्हणाले तर परत बोलाव." तिनं त्याचा चष्मा काढून टॉवेलच्या कोरड्या टोकानं पुसला आणि स्वतः त्याच्या नाकावर ठेवला. "आणि ती लिफ्ट…"

"दुसऱ्या कंपनीची आहे."

"मग तुला जिना चढून यावं लागेल."

दूर कुठेतरी हॉर्न अजून वाजतच होता. तो बंद करायला दोघांपैकी कुणीही धावलं नाही.